गाळ्यातला टीव्ही आणि आमची वाटचाल

आमच्या गोरेगावच्या गाळ्यात कोणी पहिल्यांदा आलं की हमखास विचारतं, मेकअपवाल्यांकडे एवढा मोठा टीव्ही कशाला, मॅच बघता का. बघतो, नाही असं नाही, पण टीव्ही त्यासाठी घेतलेला नाही, आणि त्याची गोष्ट सांगायची म्हणजे बाबांपासून सुरुवात करावी लागते.

बाबा मूळचे कोल्हापूरचे. नाटकाच्या रंगभूषेत हात बसला, मग मुंबईत आले आणि वरळीला दूरदर्शनवर लागेल तसं काम करायला लागले. रंगीत टीव्ही आला १९८२ ला, तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटवर शिकलेल्या सगळ्यांची कशी त्रेधा उडाली होती हे त्यांच्याकडून मी शंभर वेळा ऐकलंय. त्यांची पद्धत ठरलेली. पॅनकेक म्हणजे चेहऱ्याला लावायचा दाट रंगाचा बेस, ओला स्पंज, शेजारी पाण्याची वाटी, चेहरा पूर्ण झाला की चार पावलं मागे जायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं "बास". त्या "बास"नंतर कोणी हात लावायचा नाही. तीस वर्षं ते चार पावलांचं माप कधी चुकलं नाही, कारण टीव्हीच तेवढं दाखवायचा.

२००९ मध्ये आम्ही फर्म रजिस्टर केली. बाबा, मी, आणि माझा मावसभाऊ जो टोप आणि दाढ्यामिशा करतो. कामं काय, तर कॉर्पोरेट फिल्म, राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची गॅदरिंगं, लग्नाच्या सीझनला नवऱ्या. बरं चाललं होतं.

मग २०१० चं ते साताऱ्याकडचं काम आलं. एका वाड्यात ऐतिहासिक डॉक्युमेंटरीचं शूटिंग, तीन दिवस, पंचवीसेक मावळे. त्यांनी डीएसएलआरवर, म्हणजे फोटोच्या कॅमेऱ्यावर शूट करायचं ठरवलं होतं, तेव्हा त्याची नुकतीच लाट आली होती, आणि क्लायंटला बघायला म्हणून भाड्याचा भलामोठा मॉनिटर ओसरीवर लावला होता. पहिला क्लोजअप लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. सरदाराच्या मिशीखाली, जिच्यावर केस बसवतात त्या नेटची कड अशी दिसत होती की ओठावर मच्छरदाणी बांधलीय. जबड्याखाली पॅनकेक जिथे संपतो तिथे भिंतीला अर्धा रंग दिल्यासारखी रेघ. मागच्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा पट्टा, आणि एका बाईच्या दंडावर लसीचा गोल वण, शिवकाळात! डायरेक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, हे काय गॅदरिंग आहे का. पैसे पण निम्मेच दिले, ते जाऊ दे. पण बाबा परतीच्या एसटीत पनवेल येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि पनवेलला चहा घेताना एवढंच म्हणाले, "चार पावलांवरून बघून नाही चालायचं गं आता."

काय झालं होतं ते मला नंतर एका कॅमेरामन मित्राने आकडे मांडून सांगितलं. आपला जुना टीव्ही म्हणजे ७२० बाय ५७६, एकूण चार लाख आणि वर थोडे ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, वीस लाखांच्या वर. बरोब्बर पाचपट. म्हणजे जो वण आधी एका ठिपक्यात विरून जायचा त्याला आता पाच ठिपके मिळाले आणि त्याला स्वतःचा आकार आला. आणि चित्र चौकोनी होतं ते रुंद झालं, १६ बाय ९, त्यामुळे पूर्वी जो कडेचा माणूस फ्रेमबाहेर असायचा तोही आत आला. कडेच्या माणसाला आम्ही नेहमी घाईत उरकायचो हे वेगळं सांगायला नको.

तर टीव्ही त्यानंतर आला. सेकंडहँड, ३२ इंची, फुल एचडी, हप्त्यावर. आई म्हणाली घरात वॉशिंग मशीन नाही आणि यांना मिशा बघायला टीव्ही पाहिजे. मित्राचा कॅमेरा रात्री मागून आणायचा, एचडीएमआयची वायर लावायची, मी खुर्चीत, बाबा माझ्या अर्ध्या चेहऱ्यावर एक प्रकार आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरा करणार आणि मग दोघं टीव्हीला नाक लावून बघणार. असं जवळजवळ सहा महिने चाललं. त्यात जे कळलं ते असं की आपण लावतो जास्त, आणि जिथे लावायचं तिथे नाही. सगळ्या चेहऱ्यावर बेस थापला की एचडीत माणूस मातीचा दिसतो. डोळ्याखालचं काळं आपल्या सावळ्या कातडीवर निळसर करडं असतं, त्यावर नुसता गोरा कन्सीलर दिला की राख फासल्यासारखं होतं, आधी केशरी करेक्टर टिचभर, बोटाने थोपटून, मग त्यावर कातडीच्या रंगाचं अगदी पातळ, आणि जिथे कातडी मुळात चांगली आहे तिथे काहीच नाही. काहीच न लावणं हे बाबांना सगळ्यात जड गेलं. त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जायचा, मी धरून ठेवायचे.

मेकअप फवारणारा एअरब्रशपण घेतला. ०.३ चा नोझल, छोटा कॉम्प्रेसर, बाबा त्याला डासांचा पंप म्हणतात. माझं मत विचाराल तर एअरब्रश जाहिरातीला आणि नवरीला उत्तम, पण डेली सोपला नाही. बारा तासांची शिफ्ट, लाइटखाली घाम, आणि एअरब्रशवर मधेच टचअप केलं की ते ठिगळ दिसतं. सिरियलला हातच बरा. बाकी लोक भांडतील यावर, भांडू देत.

अजून एक फजिती सांगते. एचडी पावडर म्हणून जी मिळते ती बहुतेक सिलिका असते, व्हिडिओत अदृश्य. आम्ही खूश, भरपूर लावली. त्याच दिवशी पोस्टरसाठी फ्लॅशवर स्टिल्स, म्हणजे फोटो काढले तर हिरोइन डोळ्याखाली पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी. फ्लॅशचा उजेड ती पावडर सरळ परत फेकते. तेव्हापासून शूटच्या दिवशी स्टिल्स आहेत का हा आमचा पहिला प्रश्न असतो.

हळूहळू लक्षात आलं की एचडीचं निम्मं काम मेकअपच्या खुर्चीत होतच नाही, ते आदल्या दोन दिवसांत होतं. म्हणून मी एक कागद केला, आता तो व्हॉट्सअॅपवर जातो, आमच्याकडे त्याला नुसतं "कागद" म्हणतात. आयब्रो, वॅक्स जे काय ते निदान दोन दिवस आधी, त्याच सकाळी नाही. फेशियल नको, नवीन क्रीम तर अजिबात नको, पुरळ आलं की आम्ही झाकू शकतो पण फुगीरपणा झाकता येत नाही, सावली पडतेच. पुरुषांनी दाढी घरून घाईत करून यायची नाही, सेटवर आमच्यासमोर, गरम पाण्याने. नखं, हातांची कोपरं, टाचा बघा, स्वयंपाकाचा सीन असेल तर हात चेहऱ्याइतकाच दिसतो. मुलाखतीला बसणाऱ्या साहेब लोकांसाठी वेगळा कागद आहे, त्यात कपड्यांचंच जास्त, बारीक चौकड्या आणि बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात ते पाण्यासारखं लहरतं. इरकलीच्या बारीक चौकड्यांचंही तेच, आणि एखादीची आवडती साडी बदलायला सांगणं यासारखं अवघड काम नाही.

आणि क्रू! मेकअपवाल्यांनी क्रूला शिकवायचं म्हणजे आधी लोकांना राग यायचा. पण एका शूटला देवघराच्या सीनमध्ये पितळेच्या घंगाळात बूम माइक धरणाऱ्याचा लाल टीशर्ट स्वच्छ दिसला आणि तीन टेक गेले, तेव्हापासून आम्हीच सांगतो बाबांनो काळे कपडे घाला. भांड्यांवर मारायला चमक घालवणारा डलिंग स्प्रे नसेल तर साबणाची वडी हलक्या हाताने फिरवली तरी चमक मरते, ही स्पॉटदादांनी मला शिकवलेली युक्ती. आर्टवाल्यांना सांगावं लागतं की हिरोच्या हातातला पेपर आता वाचता येतो, तारीखसुद्धा, भिंतीवरच्या कॅलेंडरचंही तेच. थर्माकोलच्या दगडी भिंतीचे सांधे दिसतात. आणि मेकअप रूममधले पिवळे बल्ब, त्यांच्याशी तर माझं वैर आहे. आरशात पिवळ्या उजेडात चेहरा छान, सेटवर ५६०० केल्विनचे, दिवसाच्या उजेडासारखे पांढरे डेलाइट, बाहेर येऊन बघावं तर बाई लिंबासारखी. आता आम्ही आमच्या दोन एलईडी पट्ट्या बॅगेत घेऊनच जातो.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी बरीच वर्षं हे सगळं चोरून करत होते. बायकांनी फक्त केस करायचे, मेकअपचं कार्ड पुरुषांनाच असा युनियनचा शिरस्ता होता. माझ्याकडे हेअरचं कार्ड, ब्रश बाबांच्या नावावर, कोणी चेकिंगला आलं की मी कंगवा उचलायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही बंदी बेकायदा ठरवली. नंतर मी रीतसर मेकअपचं कार्ड काढलं तेव्हा बाबांनी फोटोसाठी माझाच मेकअप करायचा हट्ट धरला आणि पॅनकेकच लावला, फोटो भयंकर आलाय.

२०१६ ला मराठी चॅनलांचे एचडी अवतार आले आणि आमचा फोन वाजायला लागला. ज्यांना आम्ही शूटच्या आधी कॅमेऱ्यावर मेकअप करून बघायला टेस्टचा एक दिवस द्या म्हणून विनवायचो तेच फोन करून विचारायला लागले, तुमचा तो कागद पाठवता का. कागद पाठवते, टेस्टचे पैसे मात्र अजूनही मागावे लागतात. प्रॉडक्शनला शूटचा दिवस कळतो, शूटचा आदला दिवस कळत नाही. एका दिवसाचं पेमेंट नव्वद दिवसांनी, हे तर सगळ्यांचंच आहे, त्यावर काय लिहायचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनामुळे इथली शूटिंगं बंद झाली आणि युनिटं गोव्याला गेली, आम्हीपण एका युनिटबरोबर गेलो, प्रत्येक आर्टिस्टचा वेगळा ब्रशसेट, वेगळा स्पंज, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या पाऊचमध्ये. मे महिन्यात गोव्यातही बंद झालं आणि तेवीस पाऊच घेऊन परत आलो. ते पाऊच अजून वापरतो, चांगली सवय लागली.

आता टीव्ही ५५ इंची आहे, फोर के, म्हणजे ठिपके परत चौपट. मावसभाऊ मिशीचा एकेक केस एवढ्या बारीक नेटवर गाठ मारून बसवतो की एका मिशीला त्याचे दोन दिवस जातात. बाबा पंचाहत्तरीचे झाले, सेटवर येत नाहीत, पण टेस्टचं फुटेज आलं की रिमोट त्यांच्याच हातात. फ्रेम थांबवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि स्क्रीनला इतके चिकटतात की आम्हाला मागून काही दिसत नाही.

गेल्या आठवड्यात एका वेबसिरीजचं काम आलं. डीओपीचं, म्हणजे मुख्य कॅमेरामनचं म्हणणं असं की सगळे कलाकार मेकअप न केल्यासारखे दिसले पाहिजेत, अगदी झोपेतून उठल्यासारखे, आठ जण. आम्ही हिशोब केला, माणशी पन्नास मिनिटं आणि आधी टेस्ट दीड दिवस. मी कोटेशन टाइप करत होते, बाबा शेजारी बसून वाचत होते. दोनदा वाचलं.

"काहीच न लावल्यासारखं दिसायला हवं?"

"हो."

"आणि आपण त्याचे एवढे पैसे मागणार?"

"हो बाबा."

"मग जीएसटी वेगळा लिही," म्हणाले, आणि मॅच लावली.