आमची वाटचाल : ‘डिस्क चांगली आहे’ याचंही बिल

सांगलीत विश्रामबागला आमचा गाळा २००६ साली सुरू झाला. पाटीवर ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ एवढंच होतं आणि कामही तेवढंच. पतसंस्थांना मशीन जोडून द्यायची, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना टॅली घालून द्यायचं, लोडशेडिंगनं यूपीएसची बॅटरी बसली की बदलायची. सर्व्हरच्या नादाला आम्ही लागलो ते साखर कारखान्यांमुळे.

हंगाम सुरू झाला की कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. कुठल्या गटातला ऊस, कुठली टोळी, कोणाचा ट्रॅक्टर, वजन किती, सगळं एका सर्व्हरवर जातं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, देण्याचं बंधन आहे, आणि ती बिलं याच नोंदींवरून निघतात. त्यामुळे तो सर्व्हर बंद पडला की ईडीपी, म्हणजे कारखान्याच्या संगणक विभागातल्या माणसाचा फोन येतो, पाठोपाठ शेती अधिकाऱ्यांचा, आणि मग संचालकांपैकी कोणाचा तरी.

या सर्व्हरमध्ये डिस्क एकटी नसते, तीन-चार किंवा आठ डिस्कचा संच असतो, त्याला रेड म्हणतात. रेड ५ म्हणतात त्या पद्धतीत गणित सोपं आहे. तीन आकडे आणि त्यांची बेरीज चार वेगळ्या कागदांवर लिहून ठेवली, तर एक कागद हरवला तरी त्यावरचं परत काढता येतं. दोन हरवले की संपलं. रेड ६ मध्ये दोन हरवलेले चालतात. रेडची कल्पना अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली मांडली, स्वस्त डिस्क जोडून महागड्या डिस्कचं काम भागवावं म्हणून. आपल्याकडे त्यातलं ‘स्वस्त’ तेवढं सगळ्यांनी मनावर घेतलं.

२०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इथे भाव भडकले. सर्व्हरची डिस्क परवडेना म्हणून बऱ्याच ठिकाणी घरगुती कॉम्प्युटरची डिस्क बसली. त्यानंतर एक विचित्र तक्रार वाढली. डिस्क संचातून बाहेर पडायची, बाहेर काढून तपासली तर ठणठणीत. कारण असं की, एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा, वाचता आला नाही तर घरगुती डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभरसुद्धा. सर्व्हरवरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम साधारण ३० सेकंद वाट बघते, संच सांभाळणारं कार्ड म्हणजे कंट्रोलर बहुधा त्याहून कमी, आणि मग ‘ही मेली’ म्हणून मोकळे होतात. सर्व्हरची डिस्क सात सेकंदांत हात वर करते, बाकीचं संच सांभाळून घेतो. काही घरगुती डिस्कना ही सात सेकंदांची मर्यादा घालता येते, पण बहुतेकदा सर्व्हर बंद-चालू झाला की ती पुसली जाते, म्हणून ती आज्ञा दर वेळी आपोआप चालेल अशी ठेवावी लागते. त्या काळात आम्ही विकलेल्या डिस्कपेक्षा विकायच्या टाळलेल्या डिस्क जास्त असाव्यात.

इथेच धंद्याची पंचाईत झाली. गिऱ्हाईक डिस्कचे पैसे हसत देतं. ‘डिस्क चांगली आहे, केबल बदलली’ याचे पैसे मागितले की कपाळावर आठ्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक वाढताना दिसले तर पृष्ठभाग खराब होतोय. १९९ वाढत असेल आणि बाकीचे शून्य, तर दोष बहुतेक वेळा केबल, कनेक्टर किंवा डिस्क ज्यात खोचतात त्या बॅकप्लेनचा. हा १९९ चा आकडा कधी मागे येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो कागदावर लिहायचा आणि आठवड्यानं पुन्हा बघायचा. वाढला नाही म्हणजे आजार गेला. ‘सर्व्हर फार स्लो झालाय, डिस्क गेली बहुतेक’ या तक्रारीत तर कित्येकदा कंट्रोलरवरची बॅटरी मेलेली निघते. बॅटरी नसली की कंट्रोलर कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीत, लिहिणं थांबवतो, थेट डिस्कवर लिहायला लागतो आणि सगळं रेंगाळतं. शेवटी आम्ही बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ घातली, आणि ती सगळ्यात वर ठेवली. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू दे म्हटलं.

एका कारखान्याचं प्रकरण सांगते, कारण आमचं नाव झालं ते त्यानं. ऐन हंगामात, रात्री, चार डिस्कच्या रेड ५ मधून दोन बाहेर. लिनक्सवरचं सॉफ्टवेअर रेड होतं, म्हणजे संच कंट्रोलर नव्हे, लिनक्सच सांभाळत होतं. काट्यावर हातानं पावत्या फाडणं चालू, बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग. तिथले क्लार्क म्हणाले, “ताई, नुसता चालू करा की, बाकीचं नंतर बघू.”

चालू करता आलाही असता, आणि घात झाला असता. प्रत्येक डिस्कवर ती शेवटची कधी लिहिली गेली याची वेळ आणि घडामोडींचा एक क्रमांक असतो. तीन डिस्कचे क्रमांक जवळजवळ सारखे होते, वेळ त्याच रात्रीची. चौथीची वेळ दसऱ्याआधीची. म्हणजे एक डिस्क कधीच पडली होती, संच एका पायावर चालत होता, आणि त्याच्या सूचनेचे ईमेल ज्या खात्यात जात होते ते खातं कोणी उघडतच नव्हतं. आता दुसरी पडल्यावर ती जुनी डिस्क संचात घेतली असती, तर दसऱ्याआधीचे तुकडे आजच्या नोंदींत मिसळले असते. त्याहून वाईट म्हणजे घाईत कोणी तोच संच ‘नव्यानं तयार करा’ अशी आज्ञा दिली असती, डिस्कचा क्रम चुकला असता, तर परतीची वाटच नव्हती.

आम्ही शिळी डिस्क बाजूला ठेवली. उरलेल्या तिन्हींच्या डीडीरेस्क्यू या, खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून घेणाऱ्या प्रोग्रॅमनं कोऱ्या डिस्कवर प्रती काढल्या. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. नुकत्याच पडलेल्या डिस्कवरचे मोजके सेक्टर वाचता आले नाहीत, बाकी सगळं आलं. प्रतींवर संच जोर लावून उभा केला, आधी फक्त वाचण्यापुरता. फाइल सिस्टीम तपासली, डेटाबेस तपासला, मग काट्याला जोडणी दिली. हातानं फाडलेल्या पावत्यांचे गठ्ठे भरायला ईडीपीच्या पोरांना पुढे बराच वेळ लागला.

नवी डिस्क घालून संच पुन्हा भरून घेणं, म्हणजे रिबिल्ड, हाही निवांत बसण्याचा वेळ नाही. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीनं भरली तरी साडेसात तास जातात, आणि सर्व्हर वापरात असला तर कितीतरी जास्त. तेवढ्या वेळात उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात, आणि वर्षानुवर्षं कोणी न वाचलेला कोपरा नेमका तेव्हा दगा देतो. म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण संच वाचून घेणं आम्ही सगळ्या करारांत घातलं. मोठ्या डिस्क असतील तर रेड ५ आम्ही लावतच नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले. तळमजल्यावरचे सर्व्हर गाळात गेले. लोकांनी डिस्क उन्हात वाळवल्या, काहींनी चालू करून बघितल्या. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीवर चिकटतो. आम्ही सांगत होतो : वीज लावू नका, वाळवू नका, ओल्याच पिशवीत बांधा, आणि कुठली डिस्क कुठल्या खणातली ते मार्करनं लिहा. डिस्क उघडण्याची स्वच्छ खोली आमच्याकडे नाही, आजही नाही. तसलं काम आम्ही बाहेर पाठवतो. त्यानंतर मात्र ‘रेड आहे, मग बॅकअप कशाला?’ हा प्रश्न सांगलीत कमी झाला.

आता आमच्याकडे पॉलिटेक्निकची तीन मुलं आहेत, कोल्हापूर-साताऱ्यापर्यंत करार आहेत. संचांत एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्क, येऊ लागल्या आहेत. त्यांचं दुखणं वेगळं. एकाच दिवशी घातलेल्या, सारखंच लिखाण झालेल्या, त्यामुळे झिजतातही बरोबरीनं. म्हणून एक-दोन डिस्क वर्षभरातच मुद्दाम बदलतो आणि काढलेल्या, जेमतेम वापरलेल्या, सुट्या म्हणून गिऱ्हाइकाच्याच कपाटात ठेवतो. चांगली डिस्क का काढली, हे दर वेळी हिशेबनीसांना समजावून सांगावं लागतं.