आमची वाटचाल: सदतीस अंशांचा धंदा

आम्ही टेंपरेचर कंट्रोलर बनवतो. 1982 च्या संपात गिरणीतलं काम गेलं, तेव्हा बाबांनी लोअर परळला भाड्याच्या गाळ्यात हे सुरू केलं. गिऱ्हाइकं बेकरीवाले आणि प्लास्टिक मोल्डिंगवाले. दोन-चार अंश इकडचे तिकडे झाले तरी कुणाची तक्रार नसे. मग एका मेडिकल कॉलेजातल्या फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या, मॅडम गाळ्यावर आल्या आणि अर्ध्या अंशावरून भांडू लागल्या. तिथून धंद्याला वळण लागलं.

त्यांचं काम आतड्यावर. भूल दिलेल्या रॅटच्या आतड्याची मुख्य धमनी चिमट्याने काही वेळ बंद करायची, मग सोडायची, आणि औषधाने आतडं वाचतं का ते पाहायचं. रक्त थांबलं की आतडं मरतं, एवढं मलाही कळत होतं. पण रक्त परत आल्यावर नुकसान वाढतं? हे काही पचेना. मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. रक्त थांबलं की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, मोडत जातं आणि त्यातून हायपोझँथिन नावाचा पदार्थ साचतो. प्राणवायू परतला की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्यातूनच सुपरऑक्साइड, म्हणजे पेशींना इजा करणारा प्राणवायूचा प्रकार, तयार करतं, आणि मागोमाग पांढऱ्या पेशी गोळा होतात. पार्क्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी 1986 साली मांजरांवर दाखवलं होतं, की तीन तास रक्त बंद ठेवून एक तास चालू केलं, तर सलग चार तास बंद ठेवण्यापेक्षा आतड्याचं अस्तर जास्त खराब होतं.

यात आमचा कंट्रोलर कुठे आला? भुलेतला रॅट भराभर गार पडतो, पोट उघडं असलं की आणखीच. गार आतड्याची प्राणवायूची भूक कमी, म्हणून हानीही कमी. मग आतडं औषधाने वाचलं की गारठ्याने, कोण सांगणार? म्हणून प्राण्याखाली गरम प्लेट, गुदद्वारात तापमान मोजणारा प्रोब आणि तापमान 37 अंशांवर. साधा थर्मोस्टॅट हीटर नुसता चालू-बंद करतो, त्यात तापमान वरखाली होत राहतं. आम्ही लक्ष्य जवळ आलं की वीज हळूहळू कमी करणारं सर्किट बसवलं. प्रयोगानंतर आतड्याचे पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि हानी किती, याला च्यू यांच्या 1970 च्या पद्धतीने 0 ते 5 गुण देतात. व्हिलायची, म्हणजे अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांची, टोकं आधी सोलवटतात. ते काप मी पाहिले, तेव्हा कुठे अर्ध्या अंशाचं भांडण पटलं.

पैशांचं विचाराल तर सरकारी बिलं मार्चअखेर निघतात, आणि तोवर घर बेकरीवाले चालवतात. त्यांना सोडलं नाही, हे बाबांचं शहाणपण.

पुढे उलटं काम आलं. प्रत्यारोपणाच्या अवयवाला गारठाच हवा, साधारण 4 अंश. अवयव ज्यात ठेवतात त्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या द्रावणात झँथिन ऑक्सिडेज रोखणारं ॲलोप्युरिनॉल हे औषधही असतं. तरी मूत्रपिंड दिवसभर तग धरतं आणि आतड्याला मोजकेच तास मिळतात; मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयवासाठी मोकळा केलेला रस्ता, लागतो तो यासाठीच. बर्फ थेट टेकला तरी पेशी बिघडतात, म्हणून आम्ही पेटीतलं तापमान नोंदवणारा लॉगर बनवला. पेटी मात्र बनवत नाही; ते लायसन्सचं काम आपल्या आवाक्यातलं नाही.

आता गाळा वसईला आहे. मॅडमच्या विद्यार्थिनी रॅटऐवजी पंचवीस ग्रॅमच्या माइसवर, म्हणजे छोट्या उंदरांवर, काम करतात. हा जीव त्याहून लवकर गार पडतो आणि आमचा प्रोब त्याला जाड पडतो. सध्या बारीक प्रोबची खटपट चालू आहे.