मोबाईल गुंठे सांगतो, मग मोजणी कशाला शिकायची?

लग्नकार्यात भेटलेले पाहुणे असोत की सोलापूर स्टँडवर शेजारी बसलेले काका, मी काय शिकते हे कळलं की प्रश्न ठरलेला: "मोबाईल घेऊन शेताला फेरी मारली की ॲप गुंठे सांगतं. मग मोजणी आणि नकाशे शिकायला विद्यापीठात कशाला जायचं?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ॲपचा आकडा अगदीच खोटा नसतो. पण तो किती खरा, हे ॲप सांगत नाही. उघड्या माळावरसुद्धा साधा मोबाईल जागा दाखवताना चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, आणि गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे बाजू जेमतेम दहा मीटरची. वाटण्यांनंतर आपल्याकडे पोटहिस्से लांबट पट्ट्यांचे होतात. 200 मीटर लांबीच्या पट्ट्यात हद्द एका मीटरने सरकली की जवळपास दोन गुंठे गेले. एवढ्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. शिवाय एका बाजूने मीटर गेला आणि दुसऱ्या बाजूने आला, तर क्षेत्र सातबाऱ्याशी तंतोतंत जुळतं आणि हद्द मात्र चुकलेली राहते.

म्हणून आम्हाला आधी मापावर शंका घ्यायला शिकवतात. 30 मीटरची पोलादी टेप 20 अंश तापमानाला बरोबर असते. आपल्या मे महिन्यात 42 अंशांना ती साडेसात मिलिमीटरने लांबते. छत्री धरायची ती यंत्रावर, कारण ते एका बाजूने तापलं की त्याची पातळी दाखवणारा बुडबुडा सरकतो. दुपारी जमिनीलगतची हवा थरथरते आणि यंत्राच्या दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मापाच्या पट्टीवरचे, आकडे पाण्याखाली असल्यासारखे हलतात. त्यामुळे लेव्हलिंगचं, म्हणजे जमिनीचे उंचसखलपण मोजण्याचं, काम उजाडताच सुरू.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो बंद ट्रॅव्हर्स. एका बिंदूपासून निघायचं, कोन आणि अंतरं घेत फिरायचं आणि परत त्याच बिंदूवर यायचं. आकृती पाच बाजूंची असेल तर आतल्या कोनांची बेरीज 540 अंश यायला हवी. ती बरोबर तेवढी क्वचितच येते. मग फरक किती आहे ते काढायचं. मर्यादेबाहेर असेल तर पुन्हा मोजायचं, आत असेल तर नियमाने सगळ्या कोनांत वाटून टाकायचा आणि वहीत स्पष्ट लिहायचा. आपल्या मापात किती चूक आहे हे आकड्यात सांगता येणं, यासाठीच मी इथे शिकते आहे.

दुसरी बाजू दप्तराची. पुण्याला जाताना लागतं त्या इंदापुरात 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची पद्धत बसवली. 33 फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा सारख्या भागांची शंकू साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. साखळी-आण्यांतली ती जुनी टिपणं, म्हणजे त्या वेळच्या मोजणीच्या मापांच्या नोंदी, हद्दीच्या वादात आजही निघतात. आताचं रोव्हर हे मोजणीचं यंत्र उपग्रहांवरून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत जागा देतं, पण ती जागा तुम्ही उभे आहात तिथली. हद्द कुठे, हे टिपणातूनच काढावं लागतं. जमिनीवरच्या बांधावर विसंबता येत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात हद्दीचा दगड कलतो. आणि नांगराने बांध कोरणारे तर गावोगाव आहेत. टिपण आणि रोव्हर यांचा मेळ घालणं हे खरं कसबाचं काम, आणि ते ॲपला जमत नाही.

मुलामुलींसाठी विचारत असाल तर त्यांना त्रिकोणमितीची गोडी आणि उन्हात उभं राहायची तयारी हवी. काम भरपूर आहे: भूमी अभिलेख, रस्ते, कालवे, रेल्वे, गावठाणांची ड्रोन मोजणी. आणि स्वतःच्या बांधासाठी विचारत असाल, तर आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गटाच्या नकाशाची आणि जुन्या टिपणाची नक्कल काढा. मग हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला बांधावर हजर ठेवा.