दहा मिनिटं

पुण्यात वाकडला फ्लॅट बघत होतो. बाल्कनीतून बोट दाखवत एजंट म्हणाला, "सर, हिंजवडी इथून दहा मिनिटं."

मी खूश. बाबा मात्र रेलिंगवर हात ठेवून हळूच म्हणाले, "आणि उद्या नोकरी खराडीला लागली तर?"

मला उत्तर सुचेना. हप्ते 20 वर्षांचे. माझ्या 12 वर्षांत तीन नोकऱ्या झाल्या: मगरपट्टा, बाणेर, आता हिंजवडी. खराडी म्हणजे शहराचं पार दुसरं टोक.

घरी येताना लक्षात आलं, हिचं ऑफिस तर आजच विमाननगरला, खराडीच्याच बाजूला आहे. सकाळी सातला डबा भरून निघते ती. तिच्या बाजूने आम्ही अंतर मोजलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

टोकन थांबवलंय. सध्या शहराच्या मध्यावर, शिवाजीनगरच्या आसपास भाड्याने बघतोय.

तुम्ही घर घेताना कुणाच्या ऑफिसपासूनचं अंतर मोजलंत?