संगणकासाठी स्पीकर निवडताना: दोनच घेतले, ते का आणि कसे लावले

स्पीकर घ्यायचे ठरल्यावर मी आधी कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: खोली केवढी, बसायचे किती अंतरावर, आणि ऐकायचे काय. खोली १० बाय १० फुटांची, टेबल भिंतीलगत, कान आणि स्पीकर यांत जेमतेम तीन फूट. ऐकणे बहुतेक शास्त्रीय गायन, अभंग, तबला. मध्येच एखादा सिनेमा. दुकानात गेले की नजर वॅटच्या आकड्यांवरच खिळते, म्हणून हा कागद खिशात असलेला फार उपयोगी पडला.

वॅटचा हिशेब तसा सोपा आहे. खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची फुगवलेली कमाल शक्ती) लिहिलेले असेल तर तो आकडा सोडून द्यावा आणि आरएमएस (सतत देता येणारे) वॅट किती ते विचारावे. घरगुती स्पीकर साधारणपणे १ वॅटला १ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आरामात ऐकायची पातळी ७५ धरली तर त्याला वॅटचा दहावा भाग पुरतो. तबल्याची जोरकस थाप सरासरीपेक्षा २० डेसिबल वर उसळू शकते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती, म्हणजे १० वॅट. दर बाजूला खरे १५-२० वॅट असले की टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला पुष्कळ झाले. नुसत्या यूएसबीवर चालणारे स्पीकर मात्र इथेच बाद होतात. यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे दोन्ही स्पीकर मिळून अडीच वॅट. मीटिंग आणि बातम्यांना ते ठीक आहेत.

खरा पेच होता तो नुसते दोन स्पीकर घ्यायचे, की दोन छोटे आणि खाली सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर) असा २.१ संच घ्यायचा, हा. गाणे ऐकणाऱ्याने इथे थोडे थांबून विचार करावा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर (सेकंदाला १३९ कंपने) असतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर. स्वस्त २.१ संचातल्या वरच्या स्पीकरचा पडदा दोन-अडीच इंचांचा असतो. त्याला १५० हर्ट्झच्या खाली दम उरत नाही, म्हणून त्याखालचा सगळा भाग सबवूफरकडे वळवलेला असतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे तिथे सबवूफर कुठेही ठेवला तरी चालते. १३९ हर्ट्झचा आवाज कुठून येतो ते मात्र कळते. परिणाम असा की गायकाच्या षड्जाचा पाया टेबलाखालून येतो आणि त्याची आस व शब्द टेबलावरून येतात. आवाज दुभंगतो.

दुसरी खूण डग्ग्याची. वादक मनगटाचा दाब वाढवत डग्ग्याचा स्वर वर सरकवतो, तो घुमारा सलग चढताना ऐकू यायला हवा. एकाच कंप्रतेला (हर्ट्झमध्ये मोजतात ती) फुगवलेल्या खोक्यात तो चढत नाही, प्रत्येक वेळी तोच ‘धुम्’ येतो. दुकानात ऐकून बघायला यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही. सोबत तीन ध्वनिमुद्रणे न्यावीत: नुसता तानपुरा, तबलावादनाचा एक तुकडा, आणि निवेदकाचे साधे बोलणे. खालच्या आवाजात ऐकावे. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर बरे वाटतात.

मी ४ इंची वूफर (खालच्या स्वरांचा भाग) आणि वेगळा ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा भाग) असलेली, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली जोडी घेतली. ३ इंचांत खर्ज फारच पातळ होतो. ५ इंचांचे खोके खोल असते, भिंतीपासून अंतर मागते, आणि दोन फूट रुंदीच्या टेबलावर ते देता येत नाही. या मापाचा नमुना म्हणून एडिफायरचा आर१२८०टी बघता येईल: ४ इंची वूफर, १३ मिमी ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. कुठल्याही माहितीपत्रकात ‘५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे असेल तर त्यापुढे अधिक-उणे किती डेसिबल हे लिहिले आहे का ते पाहावे. ते नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

यानंतरचे काम मांडणीचे, आणि आवाजात सर्वांत मोठा फरक त्यानेच पडतो. दोन स्पीकरमध्ये तीन फूट, आणि प्रत्येकापासून कानापर्यंतही तेवढेच, असा त्रिकोण आखला. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. माझे स्पीकर टेबलावर ठेवल्यावर ते हनुवटीच्याही खाली राहात होते, म्हणून खाली घट्ट फोमचे उतरते ठोकळे घालून तोंडे वर केली. स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेला आणले, कारण मागे सरकवले की पुढच्या लाकडावरून आवाज परावर्तित होतो आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे लागते. मागे पोर्ट (हवा ये-जा करायचे भोक) असलेल्या स्पीकरला भिंतीपासून निदान पाच-सहा इंच सोडावेत. कोपरा तर टाळावाच, तिथे खालचे स्वर सर्वांत जास्त फुगतात.

१० बाय १० ही आपल्याकडची नेहमीची खोली आवाजाला अवघड. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर; १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. वेगाला या लांबीच्या दुपटीने भागले की ५६ हर्ट्झ येतात. त्या कंप्रतेला खोली स्वतःच घुमते, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांना तीच कंप्रता येते. भिंतीला टेकून बसले तर हा स्वर दाटतो, अगदी मधोमध बसले तर जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची अर्धा फूट पुढे-मागे करून खर्जाची तार ऐकत राहावे, योग्य जागा सापडते. यासाठी पैसे लागत नाहीत.

जोडणीत पहिली तपासणी उलटसुलट तारांची. दोन स्पीकरना जोडणाऱ्या तारेची लाल-काळी टोके एका बाजूला उलटी लागली तर खालचे स्वर विरतात आणि माणसाचा आवाज समोरून न येता डोक्याभोवती पसरतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी, ऑडिओ इथे ‘मोनो ऑडिओ’ चालू करून निवेदन ऐकावे. आवाज संगणकाच्या पडद्याच्या बरोबर मधून आला की जोडणी बरोबर. मग मोनो बंद करायला विसरू नये. केबल संगणकाच्या कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकलाच लावावी. पुढच्या जॅकची तार आतून मदरबोर्डवरून जाते आणि माउस हलवला की किरकिर उचलते.

गुणगुण येत असेल तर संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा, म्हणजे ‘ग्राउंड लूप’चा. यूएसबी साउंड कार्डने तो जाईलच असे नाही, कारण यूएसबीची तारही तीच अर्थिंगची जोडणी पुढे नेते. ऑप्टिकल केबल असेल तर तो पूर्ण तुटतो, कारण तिच्यातून वीज जातच नाही. लाइनवर लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, पण स्वस्तातला घेतला तर खर्ज खातो. जुन्या घरांत कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे आणि आधी वायरमनला बोलवावे. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणे जिवावर बेतू शकते, ते कुणीही करू नये.

ब्लूटूथची सोय मुद्दाम वापरत नाही, त्यात आवाज थोडा उशिरा येतो. सिनेमात प्लेअर तो उशीर बऱ्याच वेळा सांभाळून घेतो, पण संगणकाला वाजवायचा कीबोर्ड जोडून लेहरा (तबल्याला साथ देणारी, पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) धरायचा झाला तर बोट पडते आणि स्वर मागून येतो. तिथे साडेतीन मिलिमीटरची केबलच हवी. विंडोजचा आवाज ८०-९० वर ठेवून बाकीचे कमी-जास्त स्पीकरच्या बटणावर करतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची सळसळ वर येत नाही. भिंत जवळ असल्यामुळे बासचे बटण मध्यापासून थोडे डावीकडे आहे. रात्री अगदी हळू आवाजात ऐकताना कानाला खालचे स्वर कमी लागतात, तेव्हा तेच बटण पुन्हा मध्यावर आणतो.