पिनांगच्या हवेलीतल्या शिंपल्याच्या खुर्च्या

मलेशियातल्या जॉर्जटाउनच्या चर्च स्ट्रीटवरच्या हिरव्या पिनांग पेरानाकन हवेलीसाठी मी तासभर राखून ठेवला होता. गेले तीन, आणि तेही बहुतेक खुर्च्यांसमोर.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चुंग केंग क्वी या कथिलाच्या खाणींच्या धन्याने हे घर बांधलं. तो स्वतः चीनहून आलेला, हक्का या चिनी समाजातला. आज इथे मांडलंय ते मात्र पेरानाकनांचं, म्हणजे मलायात पिढ्यानपिढ्या रुजलेल्या चिनी घराण्यांचं सामान. लोखंडी खांब स्कॉटलंडचे, फरशी इंग्लंडची.

खुर्च्यांचं लाकूड काळंभोर, आपल्या शिसवाच्याच कुळातलं. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘आंबट फांदी’, कारण कापताना त्याला आंबूस वास येतो. मला आजीचा शिसवी झोपाळा आठवला; ताठ पाठीच्या या खुर्च्यांकडे नुसतं पाहूनही तोच गारवा जाणवला.

आणि त्या काळ्यावर शिंपल्याची फुलं, पाखरं, वटवाघळं! आपल्याकडे घरात वटवाघूळ शिरलं की अपशकुन. चिनी भाषेत मात्र ‘वटवाघूळ’ या शब्दाचा शेवट आणि ‘सुखसमृद्धी’चा शब्द या दोन्हींचा उच्चार ‘फू’, म्हणून ते हौसेने खुर्चीच्या पाठीवर बसवतात.

समोरून पाहिलं तर शिंपला पांढुरका. मी गुडघ्यावर बसलो, तर तीच पाकळी गुलाबी झाली, मग हिरवी. हा रंग शिंपल्यात कालवलेला नसतो. त्याच्या अतिसूक्ष्म थरांवरून परतताना उजेडच फुटतो. मधल्या चौकातून ढगाआडचं ऊन आत येत होतं, तेव्हा अख्खी खुर्ची हलल्यासारखी वाटली. विजेच्या प्रखर दिव्याखाली हे काम मरतं, असं माझं ठाम मत झालं.

संध्याकाळी जवळच्या गल्लीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात तशीच एक मोडकी खुर्ची दिसली. म्हाताऱ्या दुकानदाराने हात लावू दिला. एक पाकळी गळाली होती. तिच्या खाचेत बोट फिरवलं: तळ सपाट, कडा अजून धारदार. शिंपला घासून पातळ करायचा, बारीक करवतीने पाकळी कापायची, लाकडात तेवढीच खाच कोरून सरसाने ती बसवायची, वर शिरा कोरून काळा रंग भरायचा. हे सगळं मी सकाळपासून वाचत होतो. कळलं ते त्या रिकाम्या खाचेत.

दुकानदार आजोबांनी खणातून पत्र्याची डबी काढली. गळालेले तुकडे त्यांनी जपून ठेवले होते. बोटाने थोडं चाळवून त्यांनी एक उचलला आणि खाचेवर धरला. नेमका तोच होता.