लाइटहाउस बघायला जाताय? बुकिंगमध्ये 'मनोरा' आहे का, ते आधी बघा

परवा एका जुन्या लाइटहाउसची गाइडसोबतची फेरी केली. वर जाऊन आले, दिव्याभोवतीचं भिंग डोळे भरून पाहिलं. पण खाली काउंटरपाशी गेलेले पावणेदोन तास अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून आधी तेच लिहिते.

बुकिंग ऑनलाइन केलं होतं. पैसे भरले, 'आपली भेट निश्चित झाली आहे' असा मेसेज आला, सांगितल्याप्रमाणे पंधरा मिनिटं आधी पोचले. काउंटरवरच्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमचं बुकिंग परिसराचं आहे, मनोऱ्याचं नाही." मला कळेचना. तिथेच मोबाइलवर तो अर्ज पुन्हा उघडला. अगदी तळाशी, पैसे भरायच्या बटणाच्याही खाली, एक रिकामा चौकोन: 'मनोऱ्यावर चढणार'. टिक करायची राहून गेली की तुम्हाला फक्त आवार आणि रखवालदारांच्या जुन्या खोल्या. अहो, लाइटहाउसला येणारा माणूस वर चढायलाच येतो! हा प्रश्न सगळ्यात आधी, ठळक अक्षरात विचारायला काय हरकत आहे?

"फरकाचे पैसे आत्ता भरते," म्हटलं. तर एका तुकडीत आठच जण, आणि उरलेल्या दोन्ही तुकड्या भरलेल्या. ही मर्यादा मला पटते. शेवटच्या शिडीवर एका वेळी एकच माणूस मावतो. पण "कोणी आलं नाही तर मला सोडाल का?" याला ना हो, ना नाही. नुसतं "बघू". बाकावर बसले. एक तुकडी वर जाऊन खाली आली. चारदा उठून विचारलं, चारदा "बघू". शेवटच्या तुकडीत सहाच डोकी आहेत हे मी मोजून दाखवलं, तेव्हा कुठे आत सोडलं. त्यामुळे अडकलात तर काउंटरजवळच थांबा, माणसं स्वतः मोजा.

जिन्याचं काही विशेष नाही, दम लागतो. सॅक खाली ठेवा, शिडीला दोन्ही हात लागतात. उतरताना तोंड शिडीकडेच.

आणि मग ते भिंग! माझ्यापेक्षा उंच. मधे फुगीर काच, तिच्याभोवती काचेच्या कड्या, कडांना हिरवट झाक. मधल्या काचेतून पाहिलं तर समुद्र वर आणि आभाळ खाली. एवढं भिंग अखंड ओतलं असतं तर त्याचं वजन पेलवलं नसतं, म्हणून फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने ते असं कड्यांमध्ये तोडलं. १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं. आम्ही पाहिलं ते पहिल्या श्रेणीचं, म्हणजे दिव्यापासून भिंगापर्यंत ९२० मिलिमीटर. दिवसा भोवती पडदे ओढतात, कारण हेच भिंग उन्हाला एका जागी गोळा करून आतलं सामान जाळू शकतं. पूर्वी ते फिरवायला घड्याळासारखं यंत्र होतं. मनोऱ्याच्या पोकळीतून वजन खाली उतरायचं आणि रखवालदार रात्रभर ते पुन्हा पुन्हा वर ओढायचा. गाइडला हे जरूर विचारा, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आसपासच्या प्रत्येक दीपगृहाच्या झोतांची लय वेगळी असते, त्यावरून रात्री खलाशी ते ओळखतात. म्हणून अंधार पडेपर्यंत फाटकाबाहेर थांबले आणि मोजलं. दोन झोत, दहा सेकंद काळोख, पुन्हा दोन.

परतीच्या वाटेवर लक्षात आलं, आलेल्या मेसेजमध्येही 'परिसर' लिहिलेलं होतं, शेवटच्या ओळीत. तो पूर्ण वाचा.